उणीव: गप बसता येत न्हाई

माझ्या थोरल्या भावानं मला एकदा मोजून कागदावर लिहून ठेवलं होतं. बळ सात, चपळाई नऊ, दम अकरा, अक्कल चौदा, शहाणपण आठ, छाप पाच. सगळ्यात खाली एक लांबट चौकट होती, तिच्यावर ‘उणीव’ असं लिहिलेलं, आणि आत त्याच्या नेटक्या अक्षरात: ‘गप बसता येत न्हाई.’ मी तो कागद फाडायला धावले, तर त्यानं हात वर करून धरला. त्याची उंची काय, माझी काय, पोचणार कुठून! मंग मी रडत आईकडं गेले, की दादानं मला छाप पाच दिली.

तो तेव्हा संभाजीनगरला पॉलिटेक्निकला होता. तिथं होस्टेलवर पोरं एक खेळ खेळायची. कुणी जादूगार व्हायचं, कुणी तलवारवाला, एकजण गोष्ट सांगायचा आणि बाकीचे फासे टाकून त्या गोष्टीत लढायचे. प्रत्येक पात्राचा एक कागद, त्यावर त्याचे गुण. तीन म्हणजे मेल्यात जमा, अठरा म्हणजे राक्षस, आणि तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस दहा. दिवाळीच्या सुट्टीला दादा भोकरदनला आला तो नियमांच्या झेरॉक्सचं बाड आणि वीस बाजूंचा एक फासा घेऊन. इथं त्याच्यासोबत खेळायला कुणी मिळेना. मंग त्यानं आम्हालाच मोजायला घेतलं.

मोजायचा पण बराबर, उगाच अंदाजपंचे न्हाई. बळासाठी बोअरवरून भरलेला हंडा मधे कुठं न टेकवता घरापर्यंत आणायचा. दमासाठी केळना नदीच्या पुलापर्यंत पळत जाऊन माघारी यायचं. छाप मोजायला त्यानं मला बसमधल्या एका अनोळखी बाईला जरा सरकून घ्यायला सांग म्हणून पाठवलं. ती बाई सरकली तर न्हाईच, वरून पिशवीसुद्धा सीटवर ठेवली. आईनं भाकरी थापत एकदा विचारलं, “अक्कल अन् शहाणपण वेगवेगळं कसं काय रे?” तर म्हणाला, “एस.टी.चं टाइमटेबल पाठ असणं म्हणजे अक्कल. त्या टायमाला गाडी येणार न्हाई हे ठाऊक असणं म्हणजे शहाणपण.” आई एवढी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

आईला त्यानं दम अठरा दिला. अठरा फक्त तिलाच. वडील गेल्यावर तिनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून आम्हा दोघांना शिकवलं होतं, आणि त्या आकड्यावर मीसुद्धा वाद घातला न्हाई. स्वतःला त्यानं बळ सोळा लिहिलं. तेही खरं होतं. सोयाबीनचं पोतं तो एका झटक्यात खांद्यावर घ्यायचा.

आईची एक शिकवण होती, ती इथं सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडतं. कुठल्याही परीक्षेला, मुलाखतीला, साध्या तहसीलमधल्या कामाला निघालो तरी ती उंबऱ्यात सांगायची, “समोरचा आपल्याला कमीच धरून बसलेला असतो. आपण दीडपट दाखवायचं, तवा कुठं तो बराबर मानतो.” असं का, हे आम्ही कधी विचारलं न्हाई. आमच्या विहाराभोवतीच्या घरांत ते कुणालाच विचारावं लागत न्हाई. पहिलीत मी पाढे म्हणायला उभी राह्यले तेव्हा बाईंनी दहापर्यंत सांगितले होते, मी पंधरापर्यंत म्हणून दाखवले. दादा तर त्याहून पुढचा.

पॉलिटेक्निक झालं, नोकरी काही लागेना. दादा बाजारातल्या एका कम्प्युटर क्लासवर शिकवायला लागला आणि वर्षानुवर्षं सरकारी भरतीच्या परीक्षा देत राह्यला. दोनदा अगदी थोडक्यात गेली. माझं डी.एड. होऊन मी इथल्याच एका शाळेवर लागले. अशात एक दिवस भर दुपारी केदारखेड्याच्या पुढं मक्याच्या ट्रॉलीला वळसा घालताना त्याची मोटारसायकल घसरली. डोक्याला काही झालं न्हाई. तो उजव्या खांद्यावर पडला, आणि खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा ओढल्या गेल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हात जागेवर आहे, हाड शाबूत आहे, फक्त निरोप जात न्हाई. तो पलंगावर पडून स्वतःच्या हाताकडं बघायचा. मला ते बघवायचं न्हाई, पण मी तिथून हलायचे पण न्हाई.

काही महिन्यांनी बोटं जराशी हलायला लागली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला दाखवून दिलं, की रोज सकाळी तुमची दोन बोटं त्यांच्या मुठीत द्या आणि दाबायला सांगा. मी शाळेत जायच्या आधी आम्ही बसायचो. दादाचं तोंड पडलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात तर त्याची मूठ माझ्या बोटांना नुसती लागून राह्यची. एका सकाळी मी ट्रंकेतून तो जुना खेळ काढला, कोऱ्या कागदावर चौकटी आखल्या आणि बळापुढं लिहिलं: तीन.

“तीन म्हणजे मेल्यात जमा,” तो म्हणाला.

“मंग दाब की. चार लिहिते.”

किती दिवसांनी हसला तो! तिथून पुढं तेच आमचं चाललं. मी बोटं द्यायचे आणि ओरडायचे, “दाब! अजून! अजून!” शेजारची म्हातारी विचारायची की सकाळी सकाळी कुणाचं बाळंतपण चाललंय. चमचा धरता आला त्या दिवशी चार झाले. नळाची चावी बंद करता आली तेव्हा पाच. अर्धा तांब्या पाणी न सांडता तोंडाशी नेलं त्या दिवशी सहा लिहिले आणि आईनं शिरा केला. सहावरून काही केल्या सात होईना. पण दर सकाळी दाबून झालं की तो माझ्या तोंडाकडं बघायचा, मी काय लिहिते म्हणून. शाळेतलं पोरगं पाटी दाखवून बाईंकडं बघतं ना, तसं.

त्याचं भरतीचं वय त्याच साली संपत होतं. क्लासवर कुणीतरी सांगितलं, की अपंगाचं सर्टिफिकेट काढ, चाळीस टक्के आले तर वयाची अट सैल होते, जागाही राखीव असतात. आधी तो ऐकेना. “मी काय अपंग हाव का?” मीच मागं लागले. भांडले, अबोला धरला, शेवटी फॉर्म मीच भरला. तपासणीसाठी जालन्याला बोलावणं आलं. आता हे चाळीस टक्के मिळाले की त्याला आणखी काही वर्षं परीक्षा देता येणार होत्या, आणि न्हाई मिळाले तर ते दार कायमचं बंद. एवढं साधं होतं ते.

जालन्याच्या गाडीत मी त्याला सगळा रस्ताभर पढवत होते. “हे बघ दादा, तिथं मर्दुमकी दाखवू नको. जेवढा उचलतो तेवढाच उचल. दुखलं तर दुखतं म्हण.”

“म्हणजे खोटं बोलू?”

“खोटं न्हाई रे बाबा. खरंच बोल. फक्त दीडपट नको दाखवू.”

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “आयुष्यभर उलटं शिकलो. आता एका दिवसात कसं जमावं.” मी म्हटलं, जमव.

दवाखान्यात आमचा नंबर लवकर लागला. डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, बोलायला सरळ होत्या. माणसाला माणसासारखं वागवत होत्या. त्यांनी हात वर करायला सांगितलं. दादाचा हात खांद्याच्या खालीच थांबला आणि त्यानं तो तिथंच थांबू दिला. शर्टाचं बटण लावायला सांगितलं. बोटं दोनदा निसटली, तिसऱ्यांदाही लागलं न्हाई, आणि तो शांतपणे म्हणाला, “न्हाई होत मॅडम.” मी भिंतीला टेकून उभी होते. मनात म्हटलं, जमलं. अर्धी लढाई जिंकली.

मंग बाईंनी आपली दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. “दाबा बघू.”

त्यानं दाबलं. बाई वाट बघत राह्यल्या. आणि माझ्या तोंडून गेलं:

“दाब! अजून! अजून!”

मला कळलंसुद्धा न्हाई मी बोलले ते. कित्येक महिने रोज सकाळी दोन बोटं आणि एक मूठ दिसली की माझं तोंड तेच बोलत आलेलं. दादाच्या मानेची शीर तटतटून फुगली, तोंड लाल झालं, दात आवळले, आणि त्यानं असं दाबलं की बाईंनी “अरे वा!” म्हणून भुवया वर केल्या. “बरीच ताकद आली की हातात. चांगला व्यायाम करून घेतलाय तुम्ही.” त्यांनी खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं.

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच नजरेनं, रोजच्या सकाळच्या. नक्की सात झाले म्हणून. आणि मी, काय सांगू आता, मी हसले. मला आनंद झाला होता हो! कुठं उभी आहे, कशासाठी आलेय, सगळं विसरून क्षणभर मला फक्त आनंद झाला होता. मंग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

परतीच्या गाडीत दादा खिडकीकडं तोंड करून बसला, मी तिकीट चुरगाळत राह्यले.

सर्टिफिकेट आलं ते क्लासवरच्या कम्प्युटरवर त्यानंच उघडलं. अडतीस टक्के. घरी येऊन सांगितलं तर आईचा चेहरा फुलला. “पस्तीसला पास असतं ना? मंग अडतीस म्हणजे पास की रे!” तिला समजावून सांगायला मला कितीतरी वेळ लागला, की इथं जेवढा हात वाईट तेवढे मार्क जास्त, आणि आपल्याला दोन कमी पडले. सगळं कळल्यावर ती म्हणाली, “म्हणजे त्यानं तिथंसुद्धा दीडपट दाखवलं?” आणि पदर तोंडाला लावून चुलीपुढं जाऊन बसली.

ते दोन टक्के त्या दाबण्यातच गेले की अजून कशात, मला ठाऊक न्हाई. डॉक्टरीणबाईंची काही चूक न्हाई, त्यांनी बघितलं ते लिहिलं. पुन्हा तपासणी मागता येते असं कळलं होतं. मी फॉर्म आणला, दादानं तो घडी करून मला परत दिला. “काय करू जाऊन? मुद्दाम हात ढिला सोडू? मला ते न्हाई जमणार. अन् मला ते जमायलाही नको.” मी पाया पडले, रडले, नको नको ते बोलले. तो हलला न्हाई. वयाची तारीख आली आणि निघून गेली.

आता तो त्याच क्लासवर दुसऱ्यांचे भरतीचे फॉर्म भरून देतो, डाव्या हातानं टाइप करून. फॉर्मात एक प्रश्न असतो, उमेदवार दिव्यांग आहे का. तो खुर्चीवरच्या पोराला विचारतो, उत्तर टाइप करतो आणि पुढच्या प्रश्नाकडं जातो. मी एकदा डबा द्यायला गेल्ते तेव्हा हे बघितलं. डबा टेबलावर ठेवून लगेच निघून आले.

त्या दिवसापासून ‘अजून’ हा शब्द मी त्याच्यासमोर काढत न्हाई. मी ठरवून केलं न्हाई, तो तोंडातच येईना. जेवताना आम्ही ‘अजून घे’ म्हणूनच वाढतो, तिथं मी ‘घालू का’ म्हणते. त्याला हे कळलं नसेल असं मी धरून चालले होते. व्यायामाचा कागद ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. बळापुढं सहाच आहे.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारातून वंदना करून आलो आणि जेवायला बसलो. आई आत होती. मी दादाच्या वाटीत खीर घातली. ती संपली तेव्हा पातेलं घेऊन नुसती त्याच्यापुढं उभी राह्यले.

“उणीव खोडून टाक मंग,” तो म्हणाला.

“कोणती?”

“गप बसता येत न्हाई ती. चांगलं येतंय की आता.”

तो पातेल्याकडं बघत म्हणाला, “तू बोलली नसतीस तरी मी दाबलंच असतं. ऐकलं का? बाई वाट बघत होत्या. समोर माणूस वाट बघून राह्यलाय अन् मी हात ढिला सोडला, असं झालंय का कधी?”

हे खरं होतं की माझ्यावर दया, मला अजूनही सांगता येत न्हाई. मंग त्यानं वाटी उजव्या हातात घेतली आणि माझ्यापुढं धरली. “म्हण,” म्हणाला.

मी खीर घातली आणि म्हटलं, “अजून.” त्यानं वाटी आणखी वर उचलली. मी पुन्हा घातली. मनगट वळलं आणि सगळी खीर सतरंजीवर गेली.

आवाजानं आई बाहेर आली. “अगं बाई! कुणी सांडली?”

“मी,” मी म्हणाले.

मला वाटलं, तो न्हाई म्हणेल, माझ्या हातनं सांडली म्हणेल. तो सतरंजीकडं बघत बसून राह्यला, आणि काही बोलला न्हाई.