पंधरावा फर्मा

आजारी माणसाला बघायला जाताना शहाळ्याऐवजी कादंबरीची सोळा पानं घेऊन जाणारा माणूस उभ्या मुंबईत एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. आमचे भावोजी. माणसानं वाचलं पाहिजे, या एका गोष्टीपायी ते स्वतः कधी स्वस्थ बसले नाहीत आणि आम्हालाही त्यांनी बसू दिलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ते जिलबीचा आग्रह करत नाहीत, सध्या काय वाचताय म्हणून विचारतात, आणि 'काही नाही' असं उत्तर आलं की बिचाऱ्याचा भात निवेपर्यंत त्याला सोडत नाहीत. गॅसचा सिलिंडर आणणारा, बोरीवली स्टेशनबाहेरची भाजीवाली, सगळ्यांना तोच प्रश्न. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी पुढच्या गृहस्थांना कुठलीशी गोष्ट सांगायला घेतली. त्यांचा नंबर आला तरी ते खिडकीकडे जाईनात, आणि गोष्ट ऐन रंगात आली तेव्हा भावोजी म्हणाले, पुढचं तुम्ही वाचा, आणि चालू पडले. ते गृहस्थ बँकेच्या पायऱ्यांपर्यंत त्यांच्या मागे आले होते. ताई हल्ली त्यांच्याबरोबर बँकेत जात नाही.

भावोजींची सगळी नोकरी साकीनाक्याच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात झाली. सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा, असे फर्मे क्रमानं लावायचे, शिवायचे आणि वर पुठ्ठा चढवायचा, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं. त्यामुळे लोक का वाचत नाहीत याचं त्यांचं उत्तरही बाइंडरचंच होतं. लोक जाडीला घाबरतात. "अख्खो फणस कोण तोंडात घालता? गरे काढून दिले काय सगळे खातत," असं ते म्हणायचे. एरवी ते आमच्यासारखंच मराठी बोलतात, पण विषय पुस्तकाचा निघाला आणि रक्त तापलं की थेट मालवणीत उतरतात. त्यांच्याकडे एक जुनी कादंबरी होती, कारखान्यात दुरुस्तीला आलेली आणि कुणी परत न्यायला न आलेली. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे तिचं नाव ठाऊक नाही, लिहिणारा ठाऊक नाही. भावोजींनी तिची शिलाई उसवली आणि बावीस फर्मे आमच्या बिल्डिंगमध्ये सोडले.

बिल्डिंग तळमजला अधिक चार, घरं वीस. पहिला फर्मा तळमजल्याच्या पहिल्या घरात गेला. दर रविवारी सकाळी आपल्याकडचा फर्मा वरच्या घरात द्यायचा आणि खालून आलेला घ्यायचा. भावोजी स्वतः जिन्यात उभे राहून कोणाचं झालं, कोणाचं राहिलं ते बघायचे. तळमजला कायम पुढे आणि चौथा मजला कायम मागे, म्हणून खालच्यांनी जिन्यात गोष्ट फोडायची नाही असा कडक नियम होता. तो मोडला म्हणून दोन सभ्य कुटुंबांचं बोलणं बंद झालं. चौथ्या मजल्याच्या पहिल्याच घरात एक गुजराती बेन राहायच्या. त्यांना मराठी बोलता यायचं, पण वाचायची सवय नव्हती. त्या ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं, एकेक शब्द लावत वाचायच्या, आणि फर्मा खालून वेळेवर आला नाही तर स्वतः न्यायला उतरायच्या.

उतरायच्या म्हणजे माझ्याच दारात, कारण तिसऱ्या मजल्याचं शेवटचं घर माझं. आणि खरं सांगायचं तर मी त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं. फर्मा यायचा, टीव्हीवर पडून राहायचा, रविवारी वर जायचा. भावोजी विचारणार हे माहीत असल्यामुळे मी शनिवारी खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांकडून गुपचूप गोष्ट ऐकून ठेवायचो. भावोजी खूश व्हायचे. आपल्या मेव्हण्याला आपण वाचायला लावलं, हे ते चारचौघांत अभिमानानं सांगायचे, आणि मी मान डोलवायचो.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. महिन्याभरात सगळ्यांनी घरं सोडायची, तीन वर्षं भाड्यानं राहायचं. लोक ट्रंका आणि टेंपो शोधत होते, आणि भावोजींना एकच घोर, चौथ्या मजल्याचं पुस्तक अर्धवट राहणार. माणसं पांगायच्या आत सगळ्यांचं वाचून व्हायला हवं आणि पुस्तक पुन्हा एकसंध शिवायला हवं. ते दिवसाला एक फर्मा पुढे ढकलायला लागले. सकाळी सहाला बेल, दुपारी बेल, जेवताना बेल. ताई घरातली भांडी गुंडाळत होती आणि हे जिन्यावर. "सामान काय, टेंपोतून जाईल. हे लोक परत एका जिन्यावर सापडणार नाहीत गं," एवढंच ते तिला म्हणाले.

त्या घाईत माझ्या टीव्हीवर चार दिवसांचे फर्मे साठले. रद्दीवाला आला तेव्हा मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून दिला आणि संध्याकाळी बेन दारात येऊन म्हणाल्या, सोळावा आहे, सतरावा आहे, पंधरावा कुठाय? मिळाले तेवढे फर्मे घेऊन त्या वर गेल्या आणि जिन्यात हे ऐकलेले भावोजी माझ्या दारात आले. "फर्मो खंय?" त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं. फर्मा रद्दीत गेल्याचं सांगितलं, आणि ओघात, मी तो वाचलेला नव्हता, कुठलाच वाचलेला नव्हता, हेही सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते चपला घालून रद्दीच्या दुकानात गेले, तिथला ढीग उपसून आले, आणि माल दुपारीच पुढे गेल्याचं कळल्यावर सरळ घरात जाऊन दाभण आणि दोरा काढून बसले.

पुस्तक त्यांनी घरं सोडायच्या आदल्या दिवशी शिवून पुरं केलं. पंधराव्या फर्म्याच्या जागी सोळा कोरी पानं होती. हरवलेलं झाकायचं नाही, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की इथं काहीतरी होतं, अशी त्यांच्या कारखान्यातली रीत. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "आधी तू वाच. मग बेनना नेऊन दे."

दहिसरच्या भाड्याच्या घरात मी ते वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा सलग वाचलं, आणि चौदाव्याच्या शेवटी, घरात भांडून निघालेला धाकटा मुलगा बंदरावर उभ्या गलबतात चढला तिथं माझ्यापुढं कोरी पानं आली. सोळाव्यात त्याच घरात थोरल्याचं लग्न लागतं आणि धाकट्याचं नाव पुढं कुठंच नाही. मी अस्वस्थ झालो. खालच्या आजोबांना फोन केला, ते म्हणाले बुडाला. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, छे, आफ्रिकेला गेला. भावोजींना विचारलं तर म्हणाले, मी सांगणार नाही. मला त्यांचा राग आला, आणि मग हा राग त्यांना किती वर्षं हवा होता ते कळून वाईटही वाटलं.

पुस्तक मी मुलुंडला बेनच्या मुलीच्या घरी पोहोचवलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. तब्येत विचारली नाही, बिल्डिंगचं विचारलं नाही.

"भाई, तुमच्या घरात चार दिवस होता ना तो पंधरावा? एवढंच सांगा, तो मुलगा परत आला की नाय?"

सोळाच पानं होती. बसून वाचली असती तर अर्धा तास लागला असता.