जानव्याला बांधलेली किल्ली

"बाबा, बंदुकीची किल्ली द्या! कॅरममध्ये लबाडी करणाऱ्याला उडवतोच!" समोरच्या बिऱ्हाडातला पोरगा असा गरजला, की फणसवाडीतले कावळे थेट वरळीला जाऊन बसले. माथं फिरलं की समोर कोण आहे, हेही त्याला दिसत नसे.

त्याचे वडील जुने शिकारी. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बंदूक पेटीत कुलूपबंद आणि किल्ली जानव्याला! आत्ताही ते नळाखाली उघडेबंब, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या तालावर अंग घासत होते. किल्ली पोटावर घंटेसारखी नाचत होती.

"आधी पाठ चोळ!" ते म्हणाले.

पोरगा धुसफुसत चोळू लागला, मग ती नाचरी किल्ली बघून खुदकन हसला.

"अहो, अंघोळीलाही किल्ली काढत नाही?" मी नंतर विचारलं.

"बंदूक माझी आहे. मुलगाही माझाच आहे."