येसेनियाचं तिसरं प्रकरण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळून मुलीच्या परीक्षेचंच बोलते. मग तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ते मानचिन्ह तुमच्या हॉलमध्ये नाही. आमच्या आहे. टीव्हीशेजारी, काचेचं. त्यावर माझं नाव आणि खाली स्पॅनिशमध्ये लिहिलंय — उत्तम मार्गदर्शक.

थांबा, अशी घाई नको. तशी मी वाईट बाई नाही हो. म्हणजे — ते तुम्ही शेवटी ठरवा.

मी मूळची कोथरूडची. आता जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला एका संशोधन संस्थेत, चिकटवलेले सांधे कधी आणि का सुटतात ते तपासते. पवनचक्कीची पाती, गाड्यांची दारं, असलं सगळं. माझा सहकारी रोड्रिगो चिलीचा. इथल्या विद्यापीठांमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची एक संघटना आहे, तिचा हा सचिव. नव्या मुलांना खोली शोधून दे, करारपत्र समजावून सांग, अर्ज तपासून दे, आणि पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक जोडून दे — अशी त्यांची कामं. तर बोलिव्हियाची एक मुलगी आली, विषय पवनचक्कीच्या पात्यांमधले सांधे, आणि त्यांच्यात त्या विषयातलं कुणीच नाही. रोड्रिगो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तू आमचीच आहेस. तुझ्या घरचे बटाटेवडे खाल्लेत मी."

आता याला नाही कसं म्हणायचं?

म्हणता आलं असतं. पण मला तेव्हा कायमच्या नोकरीसाठी अर्ज करायचा होता आणि सीव्हीतला एहरेनआम्टचा रकाना कोरा होता. एहरेनआम्ट म्हणजे हौसेनं केलेली समाजसेवा. माझी सगळी हौस घरातली भांडी आवरण्यात संपलेली. हा रकाना आयता भरत होता. मी भरला.

ती मुलगी म्हणजे येसेनिया. गुणी हो, अगदी गुणी. भेटायला यायची ती पाच मिनिटं आधी, हातात वही, वहीत प्रश्न लिहून आणलेले. तिनं प्रबंधाचा खर्डा पाठवला, दोनशे बारा पानं. मी तो लगेच छापून घेतला, शेरे लिहायला जागा राहावी म्हणून एकाच बाजूनं. बघा, हेतू किती शुद्ध होता! मग तीन आठवडे तो जेवणाच्या टेबलावर बसून राहिला. त्यावर लॅपटॉप ठेवला की उंची इतकी बरोबर व्हायची की व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "आज तुझा चेहरा दिसतोय गं, नाहीतर नुसती हनुवटी." माझी मुलगी मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं एकदा विचारलं, हे तू वाचणार तरी कधी? मी म्हटलं, वाचतेय की.

एक पान वाचलं होतं. ऋणनिर्देशाचं. माझं नाव आहे का ते बघायला. होतं.

चौथ्या आठवड्यात ती मेन्झात — म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये — समोर येऊन बसली. वही उघडी. मी बटाट्याचं सूप ढवळत होते. म्हणायचं काय होतं? "अगं, वेळच झाला नाही, दोन आठवडे दे." एवढंच. जगात रोज लाखो लोक म्हणतात. पण माझी जीभ पुण्याची. न वाचलेल्या गोष्टीवर मत द्यायला तिला कधीच अडचण आलेली नाही. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "एकूण छान आहे. तिसऱ्या प्रकरणात मात्र जरा गोंधळ आहे."

तिसरंच का? काय सांगू — तिसरं प्रकरण कुणाचंच धड नसतं असा माझा एक समज होता.

"गेनाऊ!" ती ओरडलीच. "अगदी हेच! मलाही तेच वाटत होतं, पण विद्यापीठातल्या माझ्या सरांनी काहीच म्हटलं नाही." आणि लिहायला लागली. मी आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. 'मांडणी', 'प्रवाह', 'वाचकाचा हात धरून ने' असं काहीतरी. दोन पानं भरली तिची!

तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. दोन महिन्यांनी नवं तिसरं प्रकरण आलं. ते मी छापलंसुद्धा नाही. "आता सुरुवात चांगली झालीय, शेवट घाईत वाटतो," असं कळवलं. शेवट कुणाचा घाईत नसतो? तिनं पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "आकृत्या थोड्या कमी कर." चौथ्यांदा — हे सांगतानाही कान गरम होतायत — म्हणाले, "आकृत्या थोड्या वाढव."

तिला एकदाही संशय आला नाही. का येईल? माझ्या डोक्यावर पांढरे केस, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, बोलण्यात ठामपणा. माझं काम म्हणजे सांधा कुठे कच्चा आहे ते बघणं, आणि मी एकदाही बघितलं नाही.

मार्चमध्ये द्यायचा प्रबंध तिनं ऑक्टोबरमध्ये दिला. तिच्या गावच्या विद्यापीठात तिच्यासाठी जागा होती, पण पदवी उन्हाळ्याच्या आत हातात हवी होती. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तिच्या आईनं तिच्यासाठी घरातल्या खोलीला रंग देऊन ठेवला होता, पिवळा. हे तिनं मला हसत सांगितलं. वर म्हणाली, "पण प्रबंध तरी नीट झाला, तुमच्यामुळे."

मी म्हटलं, "अगं, माझं काय त्यात." आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोलले असेन.

मग संघटनेचं वार्षिक संमेलन. सहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला, आजी अध्यक्ष बोलले, माजी अध्यक्ष बोलले, माजींच्या आधीचेही बोलले. शाल-श्रीफळ तेवढं नव्हतं, नाहीतर मी डोळे मिटून कोथरूडला पोचले असते. मग माझं नाव पुकारलं. नवरा पहिल्या रांगेत फोन उभा धरून शूटिंग करतोय. आणि येसेनिया माईकवर आली. म्हणाली, "इथं नवीन आले तेव्हा माझे ईमेलसुद्धा कुणी पूर्ण वाचत नव्हतं. या एका बाईंनी माझा शब्द न् शब्द वाचला." टाळ्या. रोड्रिगोच्या डोळ्यांत पाणी. मी? मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

लाज वाटली. फार वाटली. त्या शनिवारी मी पहिला खर्डा काढला आणि वाचायला बसले. शनिवार गेला, रविवार गेला. नवरा म्हणाला, "अगं, तिला पदवी मिळून गेली ना?" मी म्हटलं, गप्प बस.

तिसरं प्रकरण सगळ्यांत सुंदर होतं. सांध्यात पहिली चीर कुठून सुरू होते ते तिनं इतकं सोपं, इतकं स्वच्छ मांडलं होतं की वीस वर्षं हेच काम करणाऱ्या मला ते नव्यानं कळलं. त्यातला एक स्वल्पविरामही हलवायला नको होता. मग शेवटी छापलं गेलेलं उघडून बघितलं. त्यात 'प्रवाह' होता, 'मांडणी' होती. ती नव्हती.

इथवर जे सांगितलं तो आळस म्हणा, फुशारकी म्हणा. सांगायचं आहे ते पुढेच आहे.

दहा दिवसांनी ती निरोप घ्यायला घरी आली. इथेच जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला सहा महिन्यांच्या करारावर जागा मिळाली होती. चहा झाला. कपाशी चाळा करत ती म्हणाली, "एक विचारू? अगदी खरं सांगा. माझा पहिला खर्डा खरंच तेवढा वाईट होता? कधीकधी वाटतं, तोच दिला असता तर आज घरी असते."

यावेळी मी वाचला होता. ओळ न् ओळ.

नवरा तिथेच होता. मानचिन्हही.

मी म्हणाले, "हो गं. बराच कच्चा होता."

तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, असं मनाला सांगून बघितलं. नाही. मी माझ्यासाठीच म्हणाले.

तिनं मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "मग थांबले ते बरंच झालं." आणि उठून मला घट्ट मिठी मारली.