अंबादासने मारलेली मुलगी

आमच्या फुजैराच्या तेल टर्मिनलवरचा इलेक्ट्रिशियन अंबादास खोत एरवी गरीब गाय, पण डूख धरावा तर त्यानेच.

वीस वर्षांपूर्वी तो टँकरवर होता. जहाज योकोहामाला लागलं की हा एका तळघरात जायचा. तिथे मिओ नावाची मुलगी पंधरा-वीस चाहत्यांपुढे नाचत गायची आणि नंतर टेबल मांडून बसायची. रांगेत उभं राहायचं, तिच्याशेजारी झटपट फोटो काढून घ्यायचा, मग ती त्यावर आपल्या हाताने तुमचं नाव लिहायची. नाव न विचारता लिहिलं, तर चाहत्याचा जन्म सार्थकी लागला. अंबादास अकरा वेळा गेला, दरवेळी फुजैराच्या खजुराचा डबा घेऊन. अकराव्या वेळीही तिने गोड हसून विचारलं, "पहिल्यांदाच आलात? नाव काय?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टीवर उतरल्यावर रोल्ला बाजारातल्या सायबर कॅफेत बसून त्याने चाहत्यांच्या मेसेज बोर्डवर ठोकून दिलं: मिओ मेली, हा तिचा शेवटचा फोटो, जो बघेल त्याला रात्री तिचं गाणं ऐकू येईल. फोटोतून स्वतःला कापलं. नाव तेवढं राहू दिलं. तिच्या हातचं होतं, कापवेना.

अफवा जगभर फिरली. कुणाकुणाला गाणं ऐकूही आलं. "खलास केली तिला," अंबादास मला सांगायचा, आणि मीही निर्लज्जासारखा हसायचो.

यंदा दुबईच्या कॉमिक्स मेळ्याची जाहिरात लागली: मेलेली मिओ परत येतेय. अंबादासने शर्टाला इस्त्री केली, खजूर घेतला, मला ओढत नेलं. "दोन शब्द सुनावतो बघ."

रांगेत आमचा नंबर आला. चाळिशीची मिओ त्याच्याकडे बघत राहिली.

"अंबादास-सान. फुजैरा. खजूर."

गडी विरघळला. डोळ्यांत पाणीच आलं.

मग ती शांतपणे बोलत गेली आणि शेजारची दुभाषी मुलगी इंग्रजीत सांगत गेली. "तुम्ही लिहिलंत, आणि लोक वर्षभर माझ्या आईच्या दारात फुलं ठेवून गेले. आई अंथरुणाला खिळली. फोटोवर माझ्याच अक्षरात तुमचं नाव होतं, ते वाचून खजूर आणणारे तुम्ही आठवलात. तेव्हापासून तुमचा चेहरा विसरले नाही."

तिने टेबलावरची पाटी आमच्याकडे वळवली. 'अंबादास यांना फोटो मिळणार नाही.' पाटी छापील नव्हती, तिने हाताने लिहिली होती. मागची पोरं पुढे सरकली.

परतताना गाडी दुबईच्या टोकाला, अल कुसैसपर्यंत आली. डबा त्याच्या मांडीवर तसाच. मग म्हणाला, "न विचारता लिहिलं रे नाव."