रघुनाथरावांनी उघडलेल्या बारा नळ्या

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत शिरलं की तिसऱ्या वळणावर लेथची घरघर ऐकू येते, तेच रघुनाथराव भोइट्यांचं दुकान. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. तीत एक जुना लेथ, काम घट्ट आवळून धरायचा एक वाइस, भिंतीवर कानशी आणि कोपऱ्यात खंडोबाचा टाक. रघुनाथरावांचं वय अडुसष्ट, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर दोन वर्षांपासून ऑपरेशन करा म्हणतात आणि हे दोन वर्षांपासून 'दिवाळीनंतर' म्हणतात. विचारलं तर दोन्ही हात पुढे करून दाखवतात. यांना दिसतं, म्हणतात.

खोटं नव्हतं ते. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. वारसाच तसा होता. भोइट्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. आजोबा संस्थानच्या शिलेखान्यात बंदुका दुरुस्त करत. नळीचं भोक आतून खरवडून जरासं मोठं करायचं, याला ते 'नळी उघडणं' म्हणत. त्यांचे दोन नियम होते. उघडलेली नळी आधी मातीच्या मडक्यावर चालवायची आणि ती काय करते ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं, मगच ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. आणि नळीवर आपली खूण ठोकायची, तीन ठिपक्यांचं बेलपान. उद्या काही अघटित झालं तर कोणाची मान धरायची ते सरदाराला कळायला हवं.

शिलेखाना गेला, सरदार गेले. वडिलांनी उसाच्या चरकाचे रूळ केले. रघुनाथरावांनी मिक्सरचे बुश केले, सराफ्यातल्या कारागिरांना सोन्याची तार ओढायच्या पट्ट्या करून दिल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मिक्सरच्या बुशावरसुद्धा ते बेलपान ठोकायचे. शालिनीताई, त्यांच्या पत्नी, हसायच्या. "अहो, चटणी जाडीभरडी झाली तर तुमची मान धरायला सरदार येणार आहे का?"

फाल्गुन सरता सरता समरजीत आला. ओळखीतल्या घरचा, तिशीतला मुलगा. वडिलोपार्जित जमिनीवर, शहराबाहेर, त्याने पेंटबॉलचं मैदान काढलं होतं. त्याने पिशवीतून तिथल्या बंदुकांच्या बारा नळ्या काढून बाकावर मांडल्या.

"काका, हा गेम आहे. रंगाच्या गोळ्या एकमेकांना मारायच्या, समजा होळीच. पण त्या गोळ्या गर्मीत फुगून राहिल्या, नळीतच फुटतात. म्हणून मी रबरच्या मागवल्या, वेचून परत वापरता येतात. बस, जरा मोठ्या आहेत, अडकतात. दुसरा कोणी हे काम करूच शकत नाही, काका."

रघुनाथरावांनी रबराची गोळी बोटांत घेऊन दाबली. ती दबली नाही.

"कडक आहे हो, समरजीतराव."

"रबरच तर आहे, काका."

इथे त्यांनी आणखी विचारायला हवं होतं. पण चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा नळी हातात आली होती, आणि 'दुसरा कोणी करूच शकत नाही' हे वाक्य कानात गुळासारखं विरघळत होतं. म्हातारा माणूस स्तुतीला लवकर भुलतो, आणि ज्याला वर्षानुवर्षं कोणी स्तुतीच केली नाही तो तर आणखी लवकर.

तीन दिवस ते जेवायलासुद्धा वेळेवर घरी गेले नाहीत. आजोबांच्या पेटीतला भोक मोठं करायचा रीमर काढला, धार केली. रीमर हातानेच फिरवायचा, थेंबभर तेल सोडायचं, कीस बाहेर काढायचा, गोळी सोडून पाहायची. गोळी नळीत ठेवली तर थांबावी आणि फुंकर मारली की निघावी, इतकंच उघडायचं. अकराव्या नळीपर्यंत त्यांना मायक्रोमीटरची गरज राहिली नव्हती, तरी त्यांनी प्रत्येक नळी मोजली. बाराही नळ्या तंतोतंत एकसारख्या झाल्या. नातू झाल्यावर हसले नसतील असे ते त्या संध्याकाळी एकटेच हसले.

मग मडकं. समरजीत बंदूक घेऊन आला, त्याचे लोक तिला मार्कर म्हणतात. शालिनीताईंनी गेल्या उन्हाळ्याचं पाण्याचं मडकं आणून दिलं. दुकानामागच्या बोळात, वीस पावलांवर, ते एका विटेवर ठेवलं. आधी जुन्या नळीने रंगाची गोळी मारली. मडक्यावर पिवळा डाग पडला आणि ओघळला. मग रघुनाथरावांनी उघडलेली नळी लावून रबराची गोळी मारली. मडकं समोरून फुटलं, मागून फुटलं, आणि त्याचं बूड तेवढं विटेवर तसंच राहिलं.

समरजीतने शीळ घातली. रघुनाथराव खापऱ्या चाचपत होते. गोळी बरोबर मधोमध लागली होती, जिथे नेम धरला तिथेच.

"नळी सुरेख झाली," ते म्हणाले.

शालिनीताई दारात उभ्या होत्या. "अहो, हे माणसांवर मारायचं ना?"

"तोंडाला मुखवटा असतो," रघुनाथराव म्हणाले. समरजीतच्या आधी तेच म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी बाराही नळ्यांवर बेलपान ठोकलं, रोजच्यापेक्षा जरा खोलच.

सुट्ट्या लागल्या आणि मैदान भरू लागलं. ज्येष्ठात एका दुपारी बातमी आली. गोरखी मोहल्ल्यात राहणारी मधुवंती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिथे गेली होती. मुखवटा घातलेला होता. रंगाच्या गोळीसाठी केलेली त्याची काच रबराच्या गोळीने फुटली आणि तिचा डावा डोळा गेला. डोळा वाचेल का, असं विचारण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

रघुनाथरावांनी बातमी ऐकली आणि लेथ सुरू केला. त्यावर काहीच लावलेलं नव्हतं. तो तसाच रिकामा फिरत राहिला.

शालिनीताईंची त्या घराशी हळदीकुंकवाची ओळख. त्या मुलीला भेटून आल्या, चप्पल न काढताच दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"चहा दिला तिने मला," त्या म्हणाल्या. "आई नको म्हणत होती, पण तीच उठली. कप इथे आणि चहा तिथे, सगळा बशीबाहेर. एका डोळ्याने लांबी कळत नाही म्हणे. मग मला म्हणाली, काकू, सॉरी." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "सॉरी ती म्हणाली हो. मला."

मडक्याचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं रघुनाथरावांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समरजीत तीच पिशवी घेऊन आला. तो बराच वेळ उन्हाबद्दल, काकूंच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं.

"बोला," रघुनाथराव म्हणाले.

"काका, उद्या पोलीस सामान जप्त करणार. मी सांगेन, माल कंपनीकडूनच असा आला. बस, हे तीन निशान घिसून टाका. आपलं नाव कुठेच नाही येणार, माझं पण नाही. त्या पोरीचा इलाज मी करून देईन, आईची शपथ."

पिशवी ठेवून तो गेला. रघुनाथरावांनी एक नळी वाइसमध्ये धरली, कानस घेतली. पहिला ठिपका अंगठ्याने चाचपला. अर्ध्या तासाचं काम होतं. कोणाला काही कळणार नव्हतं, आणि मुलीचा डोळा त्याने परत थोडाच येणार होता? हे सगळं त्यांनी स्वतःला समजावलं. बऱ्यापैकी पटलंही.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. मोतीबिंदूच्या धुक्यात बाक दिसला, बाकावरचा रीमर दिसला. तो उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि बोटं लाकडावर आपटली. पुन्हा केला, पुन्हा लाकूडच. चाळीस वर्षं ज्या बाकावर डोळे मिटून काम केलं, त्यावर आजोबांचा रीमर त्यांना सापडेना. वीस वर्षांच्या पोरीला आता जन्मभर हे करायचं होतं.

कानस भिंतीला लावून, पिशवी घेऊन ते ठाण्यावर गेले.

इन्स्पेक्टर भला माणूस होता. म्हाताऱ्याला त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. रघुनाथरावांनी नळ्या टेबलावर मांडल्या आणि त्या आपणच उघडल्या असं सांगितलं. खूण दाखवली. तेवढ्यात कोणीतरी कळवल्यामुळे समरजीत धावत आला. आल्या आल्या त्याला सगळं उमगलं, आणि तो मोठ्या मायेने रघुनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"सर, काका की नज़र कमज़ोर है. मोतियाबिंद. मैंने तो बस सफ़ाई के लिए दी थीं, इनसे ग़लती से छेद बड़ा हो गया. बुज़ुर्ग हैं, इन्हें परेशान मत कीजिए."

मग तो वाकून मराठीत हळूच म्हणाला, "काका, हो म्हणा. दोघं सुटू."

इन्स्पेक्टरने मोतीबिंदूचा पांढरा पडदा निरखून पाहिला. त्यालाही ते सोयीचंच होतं. आंधळ्या म्हाताऱ्याची चूक, कोणाचा काही हेतू नाही, कागद लवकर आटोपेल. त्याने लिहायला घेतलं.

"तो दादाजी, ग़लती से हुआ ना? दिखा नहीं आपको?"

रघुनाथरावांना आयुष्यात कोणी इतक्या सहज माफ केलं नव्हतं. फक्त मान हलवायची होती. बारा नळ्या समोर एका रांगेत पडल्या होत्या. असं काम त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं आणि पुढे कधी होणार नव्हतं.

"नहीं साहब," ते म्हणाले. "ग़लती नहीं है. नाप लीजिए. बारह की बारह बराबर हैं. जितना इन्होंने कहा, उतना ही खोला है."

समरजीतचा हात खांद्यावरून गेला.

इन्स्पेक्टर पेन थांबवून म्हणाला, "समझ रहे हैं आप क्या बोल रहे हैं? ग़लती लिखूँगा तो घर जाएँगे."

"समझ रहा हूँ. देने से पहले मटके पर चलाकर देखी थी, हमारे यहाँ का क़ायदा है." त्यांनी एक नळी इन्स्पेक्टरपुढे सरकवली. "मटका आर-पार फूटा. मेरी घरवाली ने पूछा भी. मुझे सब दिखा था, साहब. मैंने कहा, नली बढ़िया बनी है."

इन्स्पेक्टरने लिहिलेल्या दोन ओळी खोडल्या, नवा कागद घेतला, त्यावर रघुनाथरावांचं म्हणणं जसंच्या तसं लिहायला घेतलं आणि दोघांपैकी कोणी बाहेर जाऊ नये म्हणून शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.