शोभाच्या लहान मेंदूतलं प्रथिन

शोभा निळी पडली तेव्हा पेजेचा चमचा माझ्या हातात होता. घोट श्वासाच्या नळीत गेला. मी तिला पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, शेजारचे जीप आणायला पळाले. जीप दारात आली तोवर हट्टा गावातल्या आमच्या घरात तिचा जीव गेलेला होता. चूक माझी नव्हती. गिळणं जाणार हे तिनंच मला आधी सांगितलं होतं. ती म्हणाली तशी मी पेज घट्ट करत होते, तिला ताठ बसवून भरवत होते... तरी हे झालं.

ही माझी एकुलती मुलगी. नव्वद सालानंतर औरंगाबादला शिकायला गेली. मी चौथी शिकलेली, पण ती सुट्टीत आली की मी विचारायचे, काय शिकतेस? ती सांगायची, शरीरात कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं असतात. आतड्यात असतात, मूत्रपिंडात, स्नायूंत असतात, आणि लहान मेंदूतल्या मोठ्या पेशींत तर एक ठासून भरलेलं असतं. ती मेंदूचे पातळ काप रंगवून पाही. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढे.

"मेलेल्या माणसांचं काय बघून राहिलीस, पोरी?"

"तुझ्या भाकरीपेक्षा बरं दिसते, माय."

दोन हजारनंतर तिचे पाय लटपटू लागले, मग हात, मग जीभ जड झाली. नोकरी सोडून ती माझ्याकडे आली. तिच्या लहान मेंदूतल्या त्याच मोठ्या पेशी मरत होत्या आणि त्यावर औषध नव्हतं. मला तिच्या सांगण्यातलं कॅल्शियम तेवढं कळलं. गव्हाएवढा चुना दह्यात कालवून मी तिला रोज देऊ लागले. ती मुकाट खायची. एकदा अडखळत म्हणाली, "दे अजून. दिवाळी येऊन राहिली, आतून चुना मारून घे."

"हसतीस काहून? कमी पडलं असंल."

"कमी न्हाई पडलं, माय. धरणाऱ्या पेशीच मरून राहिल्या."

"मग त्याइला काय देऊ?"

"काईच न्हाई..."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चुना कालवला. दुसरं काय करणार होते?

आजार तिच्या बापाच्या रक्तातला. त्यांचाही तोल जायचा. बाजारात लोक दारुडा म्हणायचे. त्यांनी कधी थेंब घेतला नव्हता. ते तिच्या आधी गेले. माझ्या रक्तात तो आजार नाही. आमच्या तिघांतली मी उरले.