रापण ओढणारा हर्क्युलिस

मंडळी, आधीच सांगते, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर भुताच्या गोष्टी सुरू झाल्या की कानात इअरफोन घालून झोपणारी मुलगी मी. रस्त्यातलं लिंबू ओलांडते, तिन्हीसांजेला नखं कापते, अजून काही झालेलं नाही... आणि तरी हे लिहितेय, म्हणजे बघा! पटापट टाइप करतेय, चुका पोटात घाला.

गोष्ट माझ्या आबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. गाव देवबाग, मालवण तालुका. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची पट्टी, त्यावर माड आणि माणसं. साल साठ किंवा एकसष्ट. आबा म्हणतात, "गोवा अजून पोर्तुगीजांकडे होतो, एवढा माका नक्की आठावता."

आबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. लहानपणी तापात डावा पाय गेलेला, कुबडी घेऊन चालायचे. त्यामुळे होडीवर नाही आणि रापणीच्या दोरावरही नाही. रापण म्हणजे काय, तर होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडत जायचं आणि गावाने किनाऱ्यावरून दोर धरून ते ओढायचं. ओढणारे समुद्राकडे तोंड करून मागे मागे चालतात — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल! आणि नियम असा, की दोर ओढायला ज्याचा हात लागला त्यालाच माशांचा वाटा. आबा मागे बसून आलेला दोर गुंडाळायचे. ते काही ओढण्यात धरत नसत.

पण हातात कला! पावसाळ्यात ते गणपतीच्या शाळेत मूर्ती करायचे (आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात). गावातल्या मास्तरांनी त्यांना ग्रीक पुराणातल्या गोष्टींचं पुस्तक वाचायला दिलं आणि त्यात भेटला हर्क्युलिस. सिंहाला नुसत्या हातांनी मारणारा, त्याचंच कातडं पांघरून हातात सोटा घेणारा, आभाळ खांद्यावर पेलणारा! आबा पार खुळावले. त्या पावसात एक भला मोठा ओंडका किनाऱ्याला लागला होता. कुठल्या झाडाचा, कुणालाच ओळखता येईना. आबांनी तो किनाऱ्यालगतच्या आपल्या घरासमोर आणवला आणि सहा महिने तासत बसले. ग्रीक माणूस कधी बघितलेला नाही, मग मॉडेल कोण? मोठा भाऊ धोंडू! म्हणून आमच्या हर्क्युलिसचे खांदे, पोटऱ्या, सगळं पक्क्या देवबागच्या रापणकाराचं आहे.

पुतळा उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर त्याला शेंदूर! आबांच्या आईने फासलेला.

"गो आये, हो मारुती न्हय!"

"हातात गदा आसा मां? मगे?"

"ता सिंवाचा कातडा बघ! मारुतीन सिंव कधी मारलो?"

"मारल्यान आसतलो. तुका काय म्हायत?"

झालं. दर शनिवारी हर्क्युलिसला तेल. नावही गावाने बदललं, हरकुळो! धोंडूला तर चिडवायला आयतंच मिळालं. "सख्या, इतको दांडगो आसा तर घाल मां तेका रापणीक! उगीच तेल पिता नुसतो!" (सखाराम हे आबांचं नाव.)

शिमग्याच्या आधीची सकाळ. अर्धं गाव खाडीपलीकडे लग्नाला गेलेलं. समुद्र शांत होता म्हणून सहा जण जाळं घेऊन होडीने निघाले, त्यात धोंडू. किनाऱ्यावर दोर धरायला बायका, म्हातारे मिळून वीसेक माणसं. अर्धं जाळं पडलं असेल नसेल, एकाएकी वारा सुटला आणि लाटा उठल्या. होडी आडवी झाली, पाणी भरलं. धोंडूने जाळ्याचा दोर कसाबसा होडीच्या टोकाला बांधला आणि हात हलवला... सहा माणसं आणि किनारा यांच्यात आता तेवढा एक दोर!

ओढायला लागले. पण पाणी भरलेली होडी ती, येते कुठे? उलट यांनाच आत खेचत होती. तळहात सोलले, पुढच्या बायका कमरेभर पाण्यात गेल्या. आबांनी गुंडाळलेला दोर भराभरा उलगडायला लागला.

"सख्या! माडाक बांद! माडाक!"

आबा दोराचं टोक घेऊन कुबडीवर धावले. पण माड होता दहा हात लांब आणि दोर संपला! मध्ये उभा फक्त हरकुळो. तोही पुरलेला नाही हं, चपट्या दगडावर नुसता ठेवलेला! आबांनी त्याच्या छातीभोवती तीन वेढे घातले, गाठ मारली. काय बोलले ते त्यांना अजून शब्दनशब्द आठवतं. "बाबा, माजो भाव आसा थंय. आता तू बघ."

दोराला हिसका बसला, आबा तोंडावर पडले, कुबडी एकीकडे, डोळ्यांत वाळू. आणि दोर थांबला.

मग... यायला लागला! एक पाऊल, दोन पावलं... सगळ्यांना वाटलं मागून कुणीतरी मदतीला आलं. वळून कोण बघणार? सगळ्यांचे डोळे होडीवर! आबांना दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं — कर्र... कर्र... लाकडाचा आवाज, लयीत, आणि प्रत्येक वेळी थोडा आणखी लांबून.

होडी वाळूला लागली. सहाच्या सहा जण जिवंत! बायका रडत होत्या, हसत होत्या, एक म्हातारा चक्क नाचला. आबा सरपटत भावापाशी गेले. धोंडू खारं पाणी ओकत होता. त्याने मान वर केली, आबांच्या मागे बघितलं आणि म्हणाला, "सख्या... तुजो गडी खंय गेलो?"

दगड रिकामा.

हरकुळो घराच्या कडेने साठ पावलं मागे, पार खाडीच्या अंगाला उभा होता. ताठ! पाय गुडघ्यापर्यंत वाळूत रुतलेले, तोंड समुद्राकडे, छातीवर दोर ताणलेला. फरफटल्याची एक रेघ नाही वाळूवर.

आता विचार करा. दोर खेचतो समुद्राकडे. पुतळा पडला असता, फरफटत पाण्यात गेला असता, तरी मी मान्य केलं असतं. तो *उलट* कसा गेला?? या मे महिन्यात मी आणि चार मावसभावांनी त्याला हलवून बघितलं. केसभर हलला नाही. छातीवर दोराचा वळ आहे, माझं बोट अर्धं आत जातं. कॉलेजात सरांना आकृती काढून दाखवली, कारण नाही सांगितलं. सर म्हणाले, "बाण उलटा काढलायस." मी म्हटलं, सर, बाण बरोबर आहे... बाकीचं तुम्ही सांगा!

सर अजून ती आकृती उलटसुलट करून बघतायत. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर खाली लिहा, मी प्रत्येक कमेंट वाचणार आहे.

आबांना मात्र उत्तर नकोच आहे. वारा पडल्यावर त्याच दुपारी गावाने जाळं बाहेर काढलं, मासळी वाळूवर ओतली, वाटे पडले. सोललेल्या हातांनी धोंडूने पहिला वाटा उचलला आणि हरकुळ्याच्या पायाशी ठेवला. दुसरा उचलून आबांच्या हातात दिला. एकोणीस वर्षांतला त्यांचा पहिला स्वतःचा वाटा! कुणीतरी पुटपुटलं, की सख्याने दोर कुठे ओढला?

धोंडू वळला. "सहा माणसा भायर इली ती कोणी ओडल्यानी? हेनी दोघांनी! कोणाक काय बोलूचा आसा?"